नानावाडीतलं दहा गुंठ्यांचं जुनं घर: घ्यावं का?

ओसरी

नमस्कार मंडळी.

गेली दीड वर्षं आमचा शनिवार ठरलेला आहे. सकाळी नाश्ता उरकायचा, पोरांना गाडीत कोंबायचं आणि मेलबर्नच्या पूर्वेला लोकांची घरं बघत हिंडायचं. अर्ध्या तासाचं इन्स्पेक्शन. दारात एजंट नाव-नंबर टिपून घेतो, आत शिरलं की सगळीकडे तेच पांढरे पडदे आणि टेबलावर तीच लिंबांनी भरलेली काचेची परडी. आता मला नुसत्या फोटोवरून सांगता येतं की फर्निचर घरच्यांचं आहे की दाखवण्यापुरतं भाड्यानं आणलेलं.

तर मुद्दा असा. ननावाडिंगला (आमच्याकडे त्याचं केव्हाच 'नानावाडी' झालंय) एक घर सापडलंय. 1964 चं, ब्रिक व्हिनिअर (आत लाकडी सांगाडा, बाहेरून विटा), तीन बेडरूम, एकच बाथरूम, स्वयंपाकघर बहुधा तेव्हाचंच. पण ब्लॉक, म्हणजे इथल्या भाषेत प्लॉट, 1,012 चौरस मीटर! पाव एकर. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे दहा गुंठे की गं!" चारी बाजूंनी मोकळं घर, कुणाशी भिंत सामाईक नाही. पुढे लेमन-सेंटेड गमचं (निलगिरीचाच प्रकार) उंच, पांढऱ्या बुंध्याचं झाड, मागे पानझडी लिक्विडअंबर, कडेनं लिलीपिलीचं कुंपण. रस्त्याच्या दोन्हीकडची झाडं वर जाऊन एकमेकांना टेकलीत. मी गाडीतून उतरले आणि नवरा म्हणाला, "झालं. हिनं घेतलं."

बजेट ताणून ताणून 14 लाख डॉलर. तेवढ्यात थोडं पुढे नवंकोरं टाउनहाउस मिळतंय. चार बेडरूम, तीन बाथरूम, डबल ग्लेझिंग आणि अंगण म्हणजे कपडे वाळत घालायच्या दोरीएवढं.

जुन्या घरात खटकलं ते एकच. मागच्या बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी गेलेली भेग. ताजा रंग मारलाय, पण बोट फिरवलं की लागते. बाकी परसदार इतकं छान! फेब्रुवारीत सगळं गवत वाळून पिवळं पडलंय, पण लिक्विडअंबरपासून मागच्या कुंपणापर्यंत एक पट्टा हिरवागार, लुसलुशीत. पोरं तिथंच लोळत होती.

ऑक्शन तीन आठवड्यांनी आहे. मोठ्या जागेवरचं जुनं घर ज्यांनी घेतलंय, किंवा घेता घेता राहिलंय, त्यांनी कृपया लिहा. टाउनहाउसवाल्यांनीही लिहा, रागावणार नाही.

सातवा_मजला

टाउनहाउस. पुढचा प्रश्न?

झोपाळू

मीही याच बोटीत. वाचतोय.

पाना_पकड

ओसरीताई, भेगेचं नंतर बोलू. आधी तो हिरवा पट्टा.

फेब्रुवारीत पाणी न घालता गवत हिरवं राहत नाही. सरळ पट्ट्यात तर नाहीच. घराकडून कुंपणाकडे जाणारी हिरवी रेघ म्हणजे बहुतेक वेळा खालून सांडपाण्याची लाइन गेलेली असते आणि ती कुठंतरी गळत असते. 1964 चं घर म्हणजे पाइप भाजलेल्या मातीचे, दर दीड-दोन हातांवर सांधा. त्या काळी सांधे भरत ते सिमेंटनं. जमीन हलली की सांध्याला केसाएवढी चीर पडते, आतली ओल मुळांना समजते आणि एकदा एक मूळ आत शिरलं की मागून सगळं खानदान येतं. त्यातही लिक्विडअंबर. पोरांना तिथं लोळू देऊ नका, एवढंच म्हणतो.

प्लंबर बोलावून कॅमेरा टाकून घ्या, ऑक्शनच्या आधी. आणि एक लक्षात घ्या: रस्त्याकडची किंवा मागच्या हद्दीतली मुख्य लाइन पाणी कंपनीची, पण घरापासून त्या जोडापर्यंतचा पाइप मालकाचा. ब्लॉक जेवढा मोठा तेवढा हा तुमचा पाइप लांब. टाउनहाउसला चार मीटर असेल, तुम्हाला पंचवीस.

ओसरी

अरे देवा. आणि मी त्या पट्ट्याचे फोटो काढून आईला पाठवले.

निवांत_काका

मी 1997 पासून व्हरमाँटला आहे. आमचा ब्लॉक 900 च्या आसपास, घर 1968 चं. ओसरी, तुझं वर्णन वाचून माझी बायको म्हणाली, "हे आपणच लिहिलंय का?"

खरं सांगतो, पहिली दहा-बारा वर्षं घर सांभाळणं कठीण नव्हतं, दुष्काळ सांभाळणं कठीण होतं. 1997 ते 2009 इथं पाऊस रुसलेलाच होता. जमीन आकसली, आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात पोस्टकार्ड आत सरकवता येईल अशी फट पडली. मग 2010 ला पाऊस धो धो आला आणि तीच फट अर्धी मिटली. तेव्हा कळलं की इथलं घर श्वास घेतं.

कामाचं म्हणशील तर पन्हळी. गमची पानं बारा महिने गळतात, पानझडीसारखा एकदाच उरक नाही. मी वर्षातून चारदा शिडी लावतो. लावायचो. आता सत्तरी आली, माणूस बोलावतो. पन्हळ तुंबली की पाणी छपराखाली मागे सरतं आणि छताला चहाच्या रंगाचे डाग येतात. तू बघितलेल्या घराच्या छताला असे डाग आहेत का, वर मान करून बघ. लोक खाली फरशी बघतात.

बाकी, संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसलं की कुकाबरा पक्षी हसतो. त्याची किंमत काढता येत नाही.

सातवा_मजला

काका, कुकाबरा मलाही ऐकू येतो. यूट्यूबवर. शिडी न लावता.

गंमत सोडा. ताई, माझं म्हणणं हिशोबाचं आहे. आम्ही आधी असंच घर घेतलं होतं, सहा वर्षं राहिलो आणि विकून अपार्टमेंटमध्ये आलो. ब्लॉकवर आपण प्रेम करतो, पण रविवार त्यात जातो. गवत कापणं, कडा कापणं, बागेच्या कचऱ्याचा हिरवा डबा भरणं, तो भरला की उरलेलं पुढच्या वेळेसाठी पोत्यात भरणं. जुन्या ब्रिक व्हिनिअरला भिंतीत इन्सुलेशन नसतं, हिवाळ्यात हीटर लावून तुम्ही अख्ख्या रस्त्याला ऊब देता. इथं ओनर्स कॉर्पोरेशनची (आपल्याकडची सोसायटी) फी भरतो, ओरडतो, पण रविवार माझा असतो. दोघंही नोकरी करत असाल आणि पोरं लहान असतील तर दहा वेळा विचार करा.

पाना_पकड

आता भेग. मी जमीन तपासणीच्या कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

इथं घर बांधण्याआधी जमिनीला वर्ग देतात, एएस 2870 या मानकाप्रमाणे. माती ओली-कोरडी होताना पृष्ठभाग किती वर-खाली होईल त्यावरून. 20 मिमीपर्यंत 'एस', 40 पर्यंत 'एम', 60 पर्यंत 'एच-वन', 75 पर्यंत 'एच-टू' आणि पुढे 'ई'. पश्चिमेकडे बेसॉल्टची काळी-राखाडी चिकणमाती आहे, आपल्या देशावरच्या काळ्या रानासारखीच, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिथं 'एच' आणि 'ई' सर्रास. पूर्वेकडे खाली मऊ, गाळाचा दगड आणि वर त्याची माती, बहुतेक ठिकाणी 'एम'. म्हणजे ननावाडिंग वाईट नाही. पण मोठी झाडं घराजवळ असली की हा सगळा हिशोब बिघडतो, कारण झाड एका बाजूची ओल ओढून घेतं आणि घराचा तेवढाच कोपरा खचतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, त्याच बाजूला लिक्विडअंबर. चित्र जुळतंय.

भेगेची रुंदी मोजा. 1 मिमीच्या आत असेल तर रंगाचं काम. 5 पर्यंत गेली असेल तर दारं-खिडक्या अडकायला लागतात, दुरुस्ती होते. त्यापुढे स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. दारं सगळी उघडून-मिटून बघा. कुठलं दार खालून तासलंय का? तासलेल्या दाराला वरच्या बाजूला पाचर पडलेली दिसते, ती रंगानं लपत नाही.

आणि "मग झाड तोडून टाकू" असं पटकन म्हणू नका. पन्नास वर्षं पाणी पिणारं झाड गेलं की कोरडी पडलेली माती पुन्हा ओल धरते, फुगते आणि घर उलट्या दिशेनं उचललं जातं. तोडल्यानंतर भेगा पडलेली घरं मी बघितली आहेत.

वेडी_बाभळ

पाना_पकड यांना अनुमोदन. आणि तोडू म्हटलं तरी तोडू देणार आहे कोण?

ओसरी, घर पाहिलंस तसं ओव्हरले (त्या जागेला लागू असलेले प्लॅनिंगचे जादा नियम) पाहिलास का? व्हिक्टोरियात प्रत्येक पत्त्याचा प्लॅनिंग रिपोर्ट फुकट मिळतो, विकप्लॅनच्या नकाशावर पत्ता टाक. त्यात 'सिग्निफिकंट लँडस्केप' किंवा 'व्हेजिटेशन प्रोटेक्शन' ओव्हरले दिसला तर ठरावीक आकारावरचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. तुझ्या शेजारच्या ब्लॅकबर्नमध्ये तळ्याच्या आसपास असं संरक्षण आहेच. कधी कधी परदेशी झाडंही त्यात येतात, म्हणजे लिक्विडअंबरला "इथलं नाही" म्हणून सूट मिळेलच असं नाही.

तुला आवडलेला तो झाडांचा बोगदा याच नियमांमुळे शिल्लक राहिलाय. फुकट नाही राहिला.

पुढच्या गमबद्दल. मोठे गम कडक उन्हाळ्यात, वारा नसतानाही, धडधाकट दिसणारी फांदी टाकतात. म्हणून त्याच्याखाली गाडी लावायची नाही आणि झोपाळा तर अजिबात बांधायचा नाही. आर्बोरिस्टला (झाडांच्या तज्ज्ञाला) पाचशे-सहाशे डॉलर देऊन लेखी रिपोर्ट घे. "शेंडा उडवून देतो, स्वस्तात" असं म्हणत दारावर येणारे असतात, त्यांना चहा पाजून वाटेला लाव. शेंडा उडवलेलं झाड कुजतं आणि त्यावर फुटणाऱ्या नव्या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात, पुढच्या वादळात त्याच पडतात.

निवांत_काका

वादळाचं निघालंच आहे तर. 9 जून 2021 ची रात्र. डँडेनाँगच्या डोंगरात, कलोरामा-ओलिंडाकडे झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडली. आमच्याकडे तेवढं नाही, पण शेजाऱ्याच्या गमची एक फांदी आमच्या कारपोर्टवर आली. मला वाटलं भरपाई शेजारी देईल. विमा कंपनीनं सांगितलं, झाड कुणाचंही असो, तुमच्या हद्दीतलं नुकसान तुमच्या पॉलिसीतून. शेजाऱ्याला झाड धोक्याचं आहे हे आधी ठाऊक होतं आणि तरी त्यानं काही केलं नाही, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. म्हणून काळजी वाटत असेल तर शेजाऱ्याला लेखी कळवून ठेवावं. गोड शब्दांत.

कुंपणाचंही तसंच. फेन्सेस ॲक्ट 1968 प्रमाणे साध्या पुरेशा कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा. तुला जास्त उंच, शोभेचं हवं असेल तर वरचा खर्च तुझा. मोठ्या ब्लॉकला तीन शेजारी असतात, तिघांशी बोलायला लागतं. आमच्या मागच्या शेजाऱ्यानं नोटिशीला उत्तरच दिलं नाही, तीस दिवस गेल्यावर मग पुढची पायरी.

कागदोपत्री

मी कन्व्हेयन्सरच्या (घर खरेदी-विक्रीचे कागद बघणाऱ्याच्या) ऑफिसात काम करते, हा सल्ला नाही, नुसती मैत्रिणीची बडबड समज.

सेक्शन 32 मागवलास का? विकणाऱ्यानं द्यायचं निवेदन. सगळे त्यातलं टॅक्सचं पान बघतात. तू टायटल आणि प्लॅन ऑफ सबडिव्हिजन बघ. मागच्या हद्दीला तुटक रेघेत 'ई-1' असं काही लिहिलंय का? तो ईझमेंट, पाण्या-गटाराच्या लाइनसाठी राखलेला पट्टा. त्यावर शेड, डेक, आउटहाउस काही बांधायचं तर पाणी कंपनीची संमती लागते. आणि शेवटच्या पानांत टाइपरायटरवर टंकलेला, वाचता न येणारा एखादा जुना कागद असेल तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. कॉव्हेनंट, म्हणजे जमिनीला चिकटलेली अट. पन्नास-साठच्या दशकात जमिनी पाडताना पूर्वेकडे कितीतरी ठिकाणी "या तुकड्यावर एकच घर" असं लिहून ठेवलंय.

दुसरं. ऑक्शनला घेतलंस तर कूलिंग-ऑफ, म्हणजे सही केल्यावर मन बदलायची मुभा, नाही. खासगी विक्रीत कामकाजाचे तीन दिवस मिळतात. पण ऑक्शनच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत सही केली तरी ते मिळत नाहीत. "ऑक्शन झालं नाही, पास-इन झालं (पुरेशी बोली न आल्यानं घर विकलं गेलं नाही), आता निवांत बोलू" असं वाटून लोक फसतात. त्या संध्याकाळची सहीसुद्धा पक्कीच. बँकेचं, तपासणीचं, सगळं आधी.

स्टँप ड्यूटी धरलीस ना बजेटमध्ये? 9 लाख 60 हजारांच्या वर, 20 लाखांपर्यंत, सगळ्या रकमेवर सरसकट साडेपाच टक्के. 14 लाखांवर 77,000. हे कर्जातून येत नाही, खिशातून जातं.

ओसरी

किती किती धन्यवाद. कागद काढून बसलेय. एक राहिलं होतं लिहायचं: आई-बाबांना 870 व्हिसावर (पालकांसाठीचा तात्पुरता व्हिसा) तीन-पाच वर्षांसाठी आणायचा विचार आहे. मागे एवढी जागा आहे तर छोटं वेगळं घर बांधता येईल ना? 60 चौरस मीटरपर्यंत परवानगी लागत नाही असं वाचलं.

कागदोपत्री

डिसेंबर 2023 पासून 60 चौरस मीटरपर्यंतच्या दुसऱ्या छोट्या घराला बहुतेक ठिकाणी *प्लॅनिंग* परमिट लागत नाही, ब्लॉक 300 च्या वर असला तर. पण काही ओव्हरले असतील तर लागतं. बिल्डिंग परमिट तर लागतंच. आणि कॉव्हेनंटमध्ये "एकच घर" असेल तर सरकारनं परमिट माफ केलं म्हणून शेजाऱ्यांचा त्या कॉव्हेनंटवरचा हक्क माफ होत नाही. ते काढायचं म्हणजे सुप्रीम कोर्टापर्यंतचं प्रकरण होऊ शकतं. म्हणून म्हटलं, तो टाइपरायटरचा कागद शोध.

झोपाळू

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). माझाही प्रश्न: दिशा बघता का कुणी? आमच्या घरी वास्तूवरून युद्ध आहे. बायकोला पूर्वमुखी हवं.

पाना_पकड

झोपाळू, इथं सूर्य उत्तरेकडून जातो. बैठकीची खोली आणि परसदार उत्तरेला असेल तर हिवाळ्यात ऊन घरात येतं. दक्षिणेकडच्या खोलीत जूनमध्ये भिंतीला बुरशी येते. आधी ते बघा, मग पूर्व.

वेडी_बाभळ

पण मोठ्या ब्लॉकवर उत्तरेला उंच झाड असेल तर तेही ऊन गेलं, छतावरचं सोलरही गेलं. पानझडी झाड उत्तरेला म्हणजे सुख, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन. सदाहरित गम उत्तरेला म्हणजे बारमाही सावली.

सातवा_मजला

मंडळी, एवढं सगळं वाचून कुणाला हे घर घ्यावंसं वाटतंय? गटार गळतंय, भिंत तडकलीय, झाड तोडता येत नाही, दुसरं घर बांधता येत नाही, आणि फांदी डोक्यात पडली तर विमा आपलाच.

निवांत_काका

मला वाटतंय.

पाना_पकड

मलाही. पण किंमत बघून.

आणखी दोन गोष्टी, मग गप्प बसतो. एक, 1964 म्हणजे ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. छपराच्या कडेखालचे पत्रे, बाथरूमच्या भिंती, जुन्या फरशीखालचा थर. देशात पूर्ण बंदी 31 डिसेंबर 2003 ला आली, त्याआधी ते सगळीकडे होतं. न छेडता राहिलं तर त्रास नाही, पण बाथरूम फोडायच्या दिवशी परवानाधारक माणूस लागेल, तो खर्च आत्ताच धरा. दोन, वाळवी. साध्या घरविम्यात वाळवीचं नुकसान धरत नाहीत. विटांच्या तळाशी हवेसाठी बारीक उभ्या फटी सोडलेल्या असतात. कुणी फुलझाडांचा वाफा भिंतीला लावून त्या फटींच्या वर माती चढवली असेल, तर वाळवीला तो दरवाजाच उघडून दिलाय. बिल्डिंग आणि पेस्ट (वाळवी-किडीचा) दोन्ही रिपोर्ट घ्या आणि फरशीखाली रांगत जाणारा इन्स्पेक्टर घ्या, बाहेरून टॉर्च मारून "ॲक्सेस नव्हता" लिहिणारा नको.

मधली_फळी

एल्थमवाली बोलतेय. ननावाडिंगला बहुधा लागू नसेल, पण झाडी बघून आमच्या बाजूला, वॉरनडाइटकडे सरकणाऱ्यांसाठी: जागा बुशफायर-प्रोन (वणव्याच्या धोक्यातली) आहे का बघा. नवं बांधकाम किंवा मोठी वाढ करायची तर बीएएल रेटिंग (वणव्याची झळ किती लागू शकते त्याचं मोजमाप) काढावं लागतं आणि रेटिंग वर गेलं की काचा, दारं, छप्पर सगळ्याचा खर्च वर जातो. 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यांत 173 माणसं गेली. आमच्या रस्त्यावर त्या दिवसाबद्दल अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. उन्हाळ्यात पन्हळीतली वाळकी पानं म्हणजे नुसता कचरा नव्हे, पेटत्या ठिणगीची वाट बघणारं सरपण.

ओसरी

अपडेट.

कॅमेरा टाकला. एजंटनं मालकाची परवानगी काढायला चार दिवस लावले, मी रोज फोन केला. प्लंबरनं लाँड्रीशेजारच्या झाकणातून केबल सोडली, आम्ही दोघं त्याच्या छोट्या पडद्यावर वाकून. आधी नुसता तपकिरी बोगदा आणि कोपऱ्यात आकडे पळतायत, सहा मीटर, आठ, दहा. 11.4 वर कॅमेरा थांबला. समोर केसांच्या जुडग्यासारखी पांढरट मुळं, पाण्यात हळूहळू हलणारी. प्लंबर म्हणाला, "देअर शी इज." जेटरनं (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं) साफ करून पुढे गेला तर 14 वर पाइपचा तुकडाच खचलेला. जमिनीवर बरोबर त्याच जागी ती हिरवळ. पाना_पकड, तुम्हाला घरी जेवायला बोलवायला हवं.

खणून बदलायचं तर झाडाच्या मुळांत खणावं लागणार. लिक्विडअंबरच्या बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीला 60 सेंटीमीटर, त्याच्या बारापट म्हणजे बुंध्यापासून चारी बाजूंना 7.2 मीटर जागा संरक्षित धरतात. म्हणून खचलेला तुकडा तेवढा हातानं खणून बदलायचा आणि बाकी पाइपला आतून नवं अस्तर, म्हणजे रिलायनिंग. कोटेशन तेरा हजार.

भेग 3 मिमी. बेडरूमचं दार तासलेलं, वर पाचर, अगदी सांगितल्यासारखी. ओव्हरले आहे.

आणि कागदोपत्री, तो कागद सापडला. टाइपरायटरचा, तिरपा स्कॅन झालेला. एकच घर, आणि भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच.

कागदोपत्री

माझा अंदाज: ऑक्शनला तुझ्याशी बोली लावायला बिल्डर येणार नाहीत. त्यांना दहा गुंठ्यांवर तीन टाउनहाउस दिसायची, ती आता दिसत नाहीत. तुला आई-बाबांचं घर वेगळं बांधता येणार नाही, पण आहे त्याच घराला खोली वाढवता येते का हे विचार. एका छपराखाली, एकाच स्वयंपाकघराचं घर हे एकच घर. कॉव्हेनंटची भाषा वकिलाकडून वाचून घे, मी सांगते म्हणून नको.

सातवा_मजला

म्हणजे जे कलम आडवं येतंय तेच घर स्वस्त करतंय. हे मला पटलं. नाइलाजानं.

ओसरी

झालं ऑक्शन. हात अजून थरथरतायत, नीट लिहिता आलं नाही तर सांभाळून घ्या.

रस्त्यावर पन्नास-साठ माणसं, बोली लावणारे तिघंच. बाकी शेजारी, घरातल्या सपाता घालून आलेले. ऑक्शनिअरनं 12 लाख 60 हजारांची व्हेंडर बिड (विकणाऱ्याच्या वतीनं लावलेली बोली) जाहीर केली. आम्ही, एक जोडपं, आणि एक फोनवर बोलणारा माणूस. तो 12.90 ला फोन खिशात टाकून निघून गेला. जोडपं 13 ला थांबलं. आमच्या 13 लाख 10 हजारांवर पास-इन. मग एजंटनं आम्हाला आत नेऊन त्या लिंबांच्या परडीसमोर बसवलं. नवरा कॅमेऱ्याचा व्हिडिओ आणि तेरा हजारांचं कोटेशन मोबाइलवर उघडून बसला. एजंट दोनदा बाहेर जाऊन आला. "नंतर विचार करून सांगा, आत्ता सही करा" असं काहीतरी तो म्हणाला आणि मला कागदोपत्रीचे तीन दिवस आठवले. म्हटलं, विचार आधीच झालाय, आकडा सांगा.

13 लाख 45 हजार. 60 दिवसांनी सेटलमेंट, म्हणजे पैसे देऊन ताबा. ड्यूटी 73,975, कॅल्क्युलेटरवर तीनदा काढली, तेवढीच येते.

निवांत_काका

अभिनंदन गं पोरी! शिडी घे. ॲल्युमिनियमची, पाय रुंद असलेली.

वेडी_बाभळ

अभिनंदन!! आता दर वर्षी शरदात लिक्विडअंबरचा फोटो इथं पडलाच पाहिजे.

झोपाळू

ओसरीताई, चारेक महिने झाले असतील, कसं चाललंय? आम्ही मिचमला एक पाहिलंय. 1958 चं, वेदरबोर्ड (लाकडी फळ्यांच्या भिंती), स्टंपवर म्हणजे खुंटांवर उभं. फरशीवर गोटी ठेवली की स्वयंपाकघराकडे पळते.

ओसरी

झोपाळू, गोटी पळते म्हणजे रिस्टंपिंग (खुंट बदलणं), रेड गमचे जुने लाकडी स्टंप खालून कुजतात. पाना_पकड खुलासा करतीलच.

आमचं म्हणशील तर सेटलमेंट मेच्या शेवटाला झालं आणि नेमकी तेव्हाच लिक्विडअंबरची पानगळ भरात. लाल, जांभळी, पिवळी, सुंदर. अकरा पोती. पाइपचं काम झालं, पट्टा यंदा बाकीच्या गवतासारखाच दिसतोय. भेग आहे तशी आहे, इंजिनिअरनं काचेची पट्टी चिकटवलीय, दोन ऋतू बघू म्हणाला. एक बाथरूम आणि एवढी माणसं, कारण आई-बाबा तीन महिन्यांसाठी साध्या व्हिजिटर व्हिसावर आलेत. सकाळी सात ते आठ आमच्याकडे लोकल पकडायची गर्दी असते.

छपरात पॉसम (झाडावर राहणारा, रात्री हिंडणारा छोटा प्राणी) आहे. पहिल्या रात्री बाबा उठून काठी शोधायला लागले, वर कुणी माणूस चालतोय म्हणून. पकडून लांब सोडता येत नाही, कायद्यानं संरक्षित आहे. माणूस येऊन भोक कुठलं ते शोधून गेला, पॉसम रात्री बाहेर पडल्यावर ते बुजवायचं आणि त्याला राहायला झाडावर लाकडी खोका टांगायचा. बाबांनी स्वतः खोका ठोकलाय, आत जुनी बनियन अंथरलीय.

सातवा_मजला, रविवार जातो. खरंय.

सातवा_मजला

मी काही म्हटलं का? एखाद्या रविवारी चहाला येतो. शिडीला हात लावणार नाही.

पाना_पकड

झोपाळू, गोटी किती वेगानं पळते आणि कुठल्या भिंतीपाशी थांबते ते लिहा. खोलीच्या चारी कोपऱ्यांची उंची लेझरनं मोजून आकडे टाका, मग बोलू. स्टंप सगळे एकदम जात नाहीत, आधी बाथरूमखालचे जातात.

झोपाळू

शनिवारी मोजतो. ओसरीताई, त्या कॅमेरावाल्या प्लंबरचा नंबर मिळेल का?

ओसरी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.